सुमीच्या नावाचं मडकं

धुळ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलो, तेव्हा आईने खिडकीतून हात घालून माझी पाण्याची बाटली काढून घेतली. "गाडीम्हा पानी नको पे. खोकला चढी." आणि मी, डिप्लोमात पहिला आलेला एकोणीस वर्षांचा घोडा, मान हलवून मोकळा झालो. बाटली तिच्या हातात, डबा माझ्या मांडीवर, डब्यात अळणी भाजी. मे महिना. खिडकीच्या गजाला हात लागला तरी चटका बसत होता.

हे मी घरच्यांना लिहितोय, गल्लीतल्यांनाही, आणि माझ्यासारखे नोकरीपायी पळालेत त्यांनाही. गोड लिहिणार नाहीये.

भाजी अळणी का? माझा घाम वाळला की शर्टावर पांढरे नकाशे उमटायचे. लहानपणी माझा पापा घेतला की आई ओठ पुसायची. "पोऱ्या खारा शे," हे गल्लीभर झालं होतं. मग गल्लीने संशोधन केलं: अंगातून मीठ फुटतंय, म्हणजे अंगात मीठ जास्त झालंय. ताटातलं मीठ बंद. छातीत कफ, म्हणून पाणी कमी. डॉक्टर दर महिन्याला तीच खोकल्याची बाटली द्यायचे आणि "ॲलर्जी" म्हणायचे. खानदेशातल्या उन्हाळ्यात एका पोराचं मीठ आणि पाणी दोन्ही तोडायचं, आणि वर विचारायचं, पोरगं सुकतंय का? आणि पोरगं इतकं शहाणं, की स्वतःच सांगत फिरायचं, "मला पाणी चालत नाही हं."

सुमीताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीही खारी, तीही खोकणारी. नऊ वर्षांची असताना एका वैशाखात दोन दिवस नुसती पडून राहिली आणि गेली. ऊन लागलं म्हणाले सगळे. ती पाणी मागायची तेव्हा आई वाटी भरून आणायची, पाजायची अर्धीच. हे मला आठवतं, कारण उरलेली अर्धी मी चोरून प्यायचो.

पुण्यात दुसऱ्या वर्षी छाती एवढी भरली की कंपनीने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे स्वेट टेस्ट केली. हातावर घाम आणून त्यातलं मीठ मोजलं. आईच्या ओठांना जे कधीच कळलं होतं, ते मशीनने कागदावर छापून दिलं. सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं मीठ घामातून वाहून जातं, ते भरून काढायचं. कफ चिकट आहे, पाणी भरपूर प्यायचं. आणि तहान लागायची वाट बघू नका, तुमची तहान फसवी आहे." मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे एकटक बघत होतो. त्यांना वाटलं घाबरलाय. मी सुमीची अर्धी वाटी बघत होतो.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलो तो भांडायच्या तयारीनेच. आमच्याकडे आखाजीला पितरांसाठी पाणी भरतात. लाल घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. आणि शेजारी सुमीच्या नावाचं लहान मडकं, काठोकाठ. गेलेल्यांना उन्हाळ्यात तहान लागू नये म्हणून. ते बघून माझं डोकं फिरलं. दारातच सगळ्यांना पाण्यावर व्याख्यान झोडलं, वडिलांना, नानांनाही सोडलं नाही. मग तणतणत निंबाखाली पत्ते खेळायला बसलो. जारचं गार पाणी ढोसत होतो, ग्लासावर ग्लास, सगळ्यांना दाखवून दाखवून. मिठाची पुडी मात्र बॅगेतच. चारचौघांत मीठ खाताना लाज वाटली! दुपारी तीनला तीन एक्के हातात असताना मी पत्त्यांवरच तोंडावर पडलो.

कुणी कांदा फोडून नाकाला लावला. एका काकांनी पत्ते उचलून बघितले. "तीन एक्का व्हतात रे याकडे!" दुसरे ओरडले, "पानी नका देऊ त्याले!"

मी कसाबसा म्हणालो, "मीठ."

आई घरात धावली. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, रिक्षात पाजलं, दवाखान्याच्या पायरीपर्यंत पाजलं. सलाईन लागल्यावर खाटेशी बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमीले बी मीठच जोयजे व्हतं का रे?"

इतके महिने पाजळलेला राग तोंडाशी होता. मी म्हणालो, "माहीत नाही." आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. इतकी वाईट कुठलीच जमली नव्हती. तिला ती कळली.

यंदा आखाजीला गेलो तर आई मडक्यापाशी मूठ धरून बसली होती. नाना चिडले. "पितरं काय मीठनं पानी पेतंस का?"

"बठ्ठास्ले नही टाकं," आई पितरांच्या घागरीकडे बोट दाखवून म्हणाली. "सुमीलेच टाकं."



पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी आता दर तासाला मोबाइलची घंटी वाजवून पाणी पितो. ऑफिसात माझ्या मिठाच्या डबीला सगळे तंबाखूची डबी समजतात, समजू देत. राग गेलेला नाही. गल्लीवर आहे, त्या डॉक्टरवर आहे, अर्धी वाटी चोरणाऱ्यावर तर फारच. घर म्हटलं की अजूनही आधी रागच येतो.

परवा निघताना धुळ्याच्या स्टँडवर आईने खिडकीतून बाटली आत दिली. झाकण सैल होतं, पाणी घोटभर कमी. मीठ बरोबर पडलंय का, हे तिने चाखून बघितलं होतं.

नाशिक यायच्या आत संपवली.