पखवाजाने खाल्लेली पोळी

मंडळी, आज एका कलावंताला जेवणात पोळी मिळाली नाही, याची सरकारदरबारी नोंद व्हावी.

सकाळी चिंचवडच्या देवळात भजन होतं. वडील पेटी वाजवतात आणि माझ्या पखवाजाला मी लहान असल्यापासून लाकूडतोड म्हणतात. आज त्यांचे नेहमीचे पखवाजी तापाने झोपले, म्हणून नाइलाजाने मला नेलं.

आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला घरात कणीक नव्हती. शेजारच्या कमळाकाकूंनी त्यांच्या परातीतला गोळा दिला. "वाजव नीट. माझी पोळी हाय ती."

भजन रंगलं आणि वडिलांनी पेटीवरचा हात उचलला. मी दचकलो.

"थांबू नको रे," ते म्हणाले, "ऐकू दे मला."

दुपारी रेशनचा गहू दळून आला. माझ्या वाटच्या कणकेचा गोळा काकूंच्या परातीत ठेवला आणि घरी येऊन भात कालवला.