पट्टा सुटेपर्यंत गप्प

सातव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून आमच्या सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं. सिस्टरनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि मला म्हणाल्या, "आजी, पट्टा सुटेपर्यंत बोलायचं नाही हं." आता मी म्हणजे भाजी निवडताना भाजीशीसुद्धा बोलणारी बाई. पण बसले गप्प, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

आकडा आला तरी चेहरा हलला नाही. थोडं थांबून त्यांनी पट्टा पुन्हा बांधला. "डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे अंधारी?" हे जेवलीस का विचारावं इतक्या सहज विचारलं. मनात आलं, दुसऱ्याला धीर राहावा म्हणून चेहरा असा सांभाळायचा, हे केवढं कष्टाचं काम. माझी काळजी तर लगेच तोंडावाटे बाहेर पडते.

"डाव्या कुशीवर पडून राहा. डॉक्टरांना बोलावते," म्हणून त्या गेल्या.

सुनेनं माझा पदर धरला. "आई, बोला ना काहीतरी. घरी तर थांबत नाही तुम्ही. गप्प बसलात की भीती वाटते मला."

सुचेल ते बोलायचं म्हणून शेजारच्या मांजरीचं काढलं. तिला पिल्लं झाली, इथपर्यंत आले आणि पुढे आवाजच फुटेना.

"मग? किती झाली?"

"चार," म्हटलं. "सगळी धडधाकट आहेत गं. आणि मांजरही."