आजींना घरी सोडलं

सरकारी रुग्णालयात बहिणीला डबा घेऊन गेले होते. तिच्या शेजारच्या खाटेवर पार्वतीबाई होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घरी दुसरं कुणी नाही. डॉक्टर हसत म्हणाले, "आजी, जखम छान भरलीय. आज घरी जायचं."

मला वाटलं, त्यांचा चेहरा खुलेल. त्यांनी खाटेची लोखंडी कड घट्ट धरली.

"घरी मला संडासला कोण नेईल?"

डॉक्टर भले होते, तरी म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही, आजी."

वॉर्डातल्या समाजसेविकेने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. निराधारांचं बघणारं खातं वेगळं होतं, आणि आजारी माणूस दवाखान्याने सांभाळावा, असं त्याचं म्हणणं पडलं. कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचं काम जिथे संपत होतं, तिथेच ही म्हातारी बसली होती, जुळत आलेलं हाड घेऊन.

शेवटी रिक्षाने मीच त्यांना पोचवलं. उशाशी पाणी ठेवलं, बिस्किटं ठेवली, शेजाऱ्यांना सांगितलं. निघताना त्या म्हणाल्या, "दार नुसतं लोटून जा हं. लॅच लागलं तर मला उठून उघडता यायचं नाही."

"आणि चोर शिरला तर?"

"शिरू दे. कुणीतरी आत येईल."

मीही एकटीच राहते. संध्याकाळी घरी आले, सवयीने आतून कडी घालायला गेले आणि पहिल्यांदाच त्या बंद दाराची मला भीती वाटली.