दिवेलागणीची धुरी

आमच्या मुलुंडच्या चाळीत त्या वर्षी मलेरिया आला, आणि धूर मी आणला.

गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. डास तिथेच होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण झाकण मालकाने बसवायचं की भाडेकरूंनी, यावर मीटिंगमध्ये इतकी तोंडं सुटली की मी वैतागून म्हणालो, "ते राहू द्या. दिवेलागणीला सगळ्यांनी एकाच वेळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करू. म्हणजे डास या घरातून त्या घरात पळणार नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मी फार हुशार वाटलो.

आईला दमा होता. बोलताना ते मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत दारोदार घमेली पेटली. शेणी, पाला, वर ऊद. कारखान्यांचा वास आधीपासून होताच, त्यात हा धूर. आणि आई नेमकी त्याच वेळी देवापुढे दिवा लावून दार सताड उघडायची. लक्ष्मी यायची वेळ.

"आई, दार लाव."

"तिन्हीसांजेला? काहीतरीच काय!"

"अगं, लक्ष्मी नाही, धूर येतोय घरात!"

"तो तूच बोलावलास," एवढं म्हणेपर्यंत तिला धाप लागली. खाटेची कड धरून ती श्वास ओढत राहिली.

मी शेजारच्या वहिनींकडे गेलो. त्यांचा मुलगा आत तापाने फणफणत पडला होता.

"वहिनी, धुरी जरा बंद ठेवाल का? आईला त्रास होतो."

"वा, भाऊजी! परवा भाषण तुम्हीच केलंत ना? पोराला परत डास चावले तर?"

मी परत आलो आणि राग आईवर काढला. मी दार धाडकन लावायचं, तिने उठून उघडायचं, असं आठवडाभर चाललं. एका संध्याकाळी तिचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे धाप कमी झाली.

सकाळी वहिनी आल्या. "आजी, दिवा ऊन आहे तोवरच लावा ना. घमेली आम्ही नंतर पेटवू. लक्ष्मी काय घड्याळ बघून येते?"

"बरं," आई म्हणाली.

बस्स! मी आठवडाभर घसा फोडला, आणि वहिनींना एका वाक्यात 'बरं'! मी चिडलोच. मग लक्षात आलं, मी नुसतं दार लाव, दार लाव करत होतो. दिवा आधी लाव, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्या दिवशी आईने ऊन असतानाच दिवा लावला. उजेडात ज्योत दिसेना, म्हणून वर तळवा धरून पाहिला. दार उघडून थोडा वेळ उभी राहिली आणि मग स्वतःच लावून घेतलं. मी खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. बाहेर घमेली पेटली तशी ती खोकली, पण आदल्या दिवसासारखी नाही.

"आता गच्चीवर जा," ती म्हणाली, "आणि त्या टाकीवर काहीतरी टाकून ये. की त्यालाही मीटिंग लागते तुला?"