उमेदकाकांनी सांगितलेलं नाव

लखनौच्या महानगर कॉलनीत आमच्या शेजारी उमेदकाका शिर्के राहतात. एवढा रडतराऊत माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेल्वेत इंजिनिअर होते. नवा पूल दाखवला की तो किती वर्षांत पडेल ते सांगायचे. अजूनही कोणी हवा छान आहे म्हणालं, तर 'आत्ता आहे' म्हणतात.

नावात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्याआधीची दोन भावंडं गेलेली. अशा वेळी साताऱ्याकडे पोराचं नाव दगडू, धोंडू असलं ठेवायचे, म्हणजे यमालाही वाटावं, हे उचलून काय करायचं. आजीने धोंडू पक्कं केलं होतं. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तिने कानात कुर्र करून सांगितलं की तेच नाव. आत्या हट्टी निघाली. तिने खुशाल उमेद सांगून टाकलं.

त्याची फळं काका सत्तर वर्षं भोगताहेत. इथे ते 'उम्मीद साहब'. कोणाचा निकाल असो, ऑपरेशन असो की सोयरीक, शुभ म्हणून यांना पुढे बसवतात. हे चहा पितात आणि घरी येऊन सांगतात, काही खरं नाही.

यंदा त्यांची नात आठव्या महिन्यातच जन्मली आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. तिथेही काकांनाच बसवलं. सून शर्वरीला तेवढाच धीर. पोर घरी आली तेव्हा काकांनी बजावलं, हिला असलं ओझ्याचं नाव नको, जन्मभर लोकांच्या आशा वाहायच्या म्हणजे हमालीच. सगळ्यांनी मिळून रेवा ठरवलं. गोमती नगरातून तसं लिहिलेला केकही आला.

ऐनवेळी बाळाची आत्या देविका हवाई दलाच्या ड्यूटीत अडकली. तेव्हा काकांच्या बायकोने, सरलाकाकूंनी, फर्मान काढलं: नावाचे नियम तुमचे ना, मग आत्याही तुम्हीच व्हा. काका कुरकुरत पाळण्यावर वाकले. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. आम्ही बायका बाह्या सावरून तयारच होतो. कुर्र झालं, तरी काका वाकलेलेच.

उठले आणि म्हणाले, "आशा."

शर्वरी केककडे बघत राहिली. त्यांचा मुलगा प्रथमेश म्हणाला, "पापा, तय तो रेवा हुआ था ना?"

"झालं होतं रे. पण तिथे पेटीपाशी मी हिला रोज याच नावाने हाक मारायचो. बोट हलवायची. आता दुसऱ्या नावाला ओ दिली नाही तर?"

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. शर्वरीने सुरी घेतली, केकवरचं नाव सपाट केलं आणि त्या जागी बोटानेच आशा लिहिलं. मग आम्ही काकांच्या पाठीत धपाटे घातले.