भिंगावरचं झाकण

कुणाचाही लॅपटॉप दुरुस्तीला आला की आगाशेकाका तो आधी भिंतीकडे तोंड करून ठेवत. मग गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवत आणि त्यानंतरच यंत्राला हात लावत. "ठेवून जातो, संध्याकाळी नेतो," असं कुणी म्हणालं तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आपण घर उघडं टाकून गावाला जाता का? नाही ना? मग बसा." घाईतली माणसं शेजारच्या दुकानात जात. काकांना त्याचं काही वाटत नसे. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक परत पाठवण्यात जो निर्मळ आनंद मिळतो, तो त्यांनी मनसोक्त घेतला.

मी वर्ध्याहून नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी शहर भरत चाललं होतं. धायरीला एका खोलीत एकटीच राहायचे. खिडकीतून उसाच्या शेताचा शेवटचा तुकडा आणि त्याच्यामागे उभी राहणारी इमारत दिसायची. कुणाकडून तरी घेतलेला जुना लॅपटॉप हीच घरातली मोठी वस्तू. दर रविवारी सकाळी त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसून आईबाबांशी बोलायचं, आईनं माझे खांदे, गाल, डोळ्यांखालचा रंग तपासायचा, एवढ्या अटीवर मला एकटीनं राहायची परवानगी होती.

एका सकाळी मी केस विंचरत होते. ऊन नुकतंच खाटेपर्यंत आलं होतं, रेडिओ हळू चालू होता. टेबलावरच्या लॅपटॉपच्या माथ्यावरचा हिरवा दिवा अलगद लागला. मी कुणालाही फोन लावला नव्हता, कुणाचा आलाही नव्हता. क्षणभर मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले, चांगला दिसत होता तो. मग तो कॅमेरा चालू असल्याचा दिवा आहे, हे ध्यानात आलं. मी झाकण आपटून मिटलं, वर उशी ठेवली आणि स्वतःच्याच खोलीत दाराआड जाऊन कपडे बदलले.

त्यानंतर रविवारी मी कॅमेऱ्यावर कागद चिकटवून बसू लागले. बिघडलाय, असं घरी सांगितलं. आई म्हणायची, "काहून वं, दिसून नाही राहिली तू? आवाज तं येऊन राहिला." खरं सांगितलं असतं तर बाबा पहिल्या गाडीनं न्यायला आले असते. खोटं सांगूनही तेच झालं. चौथ्या रविवारी बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी दिसली नाही, तं मी येतो. सामान बांधून ठेव." नोकरी, खोली, ते उसाचं शेत, सगळं एका हिरव्या दिव्यापायी जाणार होतं. आणि मी तर त्या कॅमेऱ्यावरचा कागद काढायला धजत नव्हते.

ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, तर तिनं पहिलं विचारलं, "तू तेव्हा काय घातलं होतंस?" मग लॅपटॉप घेऊन आगाशेकाकांच्या दुकानात गेले. त्यांना सांगितलं, तेव्हा ते फक्त म्हणाले, "दिवा आपोआप लागतो. बरं. बसा." मला तिथेच रडू आलं. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि पाठ करून स्क्रू शोधत बसले. तो स्क्रू त्यांच्या हातातच होता.

काम तीन तास चाललं. फुकटात गाणी मिळतात म्हणून मी काहीबाही उतरवून घेतलं होतं, त्याच्याबरोबर आलेला एक चोरटा प्रोग्रॅम त्यांनी शोधून दाखवला. मग सगळं पुसून यंत्र नव्यानं भरायला घेतलं. "जुना माल आहे. याला कंपनीकडून आता नवं काही येत नाही. कुलूप बदलून देतो, पण त्यावर विसंबू नका."

पडद्यावरची रेघ इंच इंच सरकत होती. दुपारचं ऊन शटरच्या फटींतून येऊन काउंटरवर आडवं पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. बाहेरचा पेठेतला गलका कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटत होता. अशा वेळी काका बोलू लागले. आधी तिथे त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

"कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला एक मुलगी आली होती. प्रकाश असा काही पडला हो तिच्यावर! मी तो फोटो मोठा केला आणि बाहेर काचेच्या कपाटात लावला. सगळेच लावायचे. लोक थांबून बघायचे, मी खूश. चौथ्या दिवशी तिचे वडील आले. फोटो काढून घेऊन गेले. तिचं कॉलेज सुटलं. फॉर्म भरायचाच राहिला." त्यांनी पडद्यावरची धूळ बोटानं पुसली. "फोटो उत्तम होता. मी तिला विचारलं नव्हतं, एवढंच."



शेवटी त्यांनी खणातून जुन्या फिल्मचा काळाकुट्ट तुकडा काढला, नखाएवढा कापला आणि कॅमेऱ्यावर दोन बारीक पट्ट्यांच्या मध्ये असा बसवला, की तो बोटानं सरकावा. "जाड काही लावलंत तर झाकण मिटताना काच तडकेल. भिंगावर थेट चिकटपट्टी लावाल तर डिंक बसेल. आणि याचे कान उघडेच आहेत, तेव्हा बोलताना भान ठेवा." मग तो तुकडा त्यांनी माझ्याकडून चारपाचदा उघडमीट करवून घेतला. "उघडायचं तुम्ही. तुम्हाला वाटेल तेव्हा. तो कॅमेरा बापडा आता काही करू शकत नाही."

रविवारी मी बराच वेळ बोट त्या तुकड्यावर ठेवून बसले. मग तो सरकवला. आई पडद्याला नाक लावून म्हणाली, "केस किती गळले वं तुझे!" मागे बाबा उभे होते. ते चहा प्यायला निघून गेले. मी पुण्यात राहिले.

त्यानंतर बुधवार पेठेत गेले की काकांकडे डोकवायचे. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते कळलं नाही. एकदा मोबाइल काढून विचारलं, "काका, तुमचा एक फोटो घेऊ?" त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, हातानं केस बसवले आणि उन्हाच्या तिरिपेत सरकून बसले. शेवटी धंदाच तो. "विचारलंस म्हणून हो. पण घरात बघ. बाहेर कुठे लावू नकोस." फोटोत ते चक्क लाजले आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. घरी त्यांचं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "ताई, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतोय. सगळ्या पेठेचे फोटो काढले त्यांनी, पण त्यांचा स्वतःचा एक सापडेना. तुमच्याकडे आहे का?"

तो बोलत असतानाच मी लॅपटॉपवर काकांचा फोटो उघडला होता. एवढ्या चांगल्या माणसाचा चेहरा चौकात लोकांनी बघावा, असं मलाही फार वाटत होतं.

"नाही हो," मी म्हणाले, "एकही नाही."