शेकडा चार

दर एप्रिलमध्ये आमच्या घरमालकीणबाई एकाच ताटलीत भाडेवाढीची नोटीस आणि मुगाचे पापड घेऊन जिना चढायच्या. दारातूनच म्हणायच्या, "मास्तर, शेकडा चार. येनावर एक पैसा बी लेवाव नही."

त्यांचं माहेर राजस्थानातलं, पण सारा जन्म शहाद्यात गेला आणि बोली अहिराणी झाली. नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या भाड्यावरच त्या जगत. वरच्या खोलीत मी. खालच्या खोलीत केळीच्या गाड्या भरणारा हमाल, त्याची बायको आणि दोन मुली. लेखी कळवून वर्षाला शेकडा चार वाढवता येतात, हे त्यांना वकिलानं सांगितलं होतं.

एकदा मी म्हणालो, "काकी, माझा महागाईभत्ता वाढलाय. थोडं जास्त घ्या."

त्या भडकल्या. "मी काय चोर शे का?"

पुढं हमालाची पाठ धरली. रोजचं काम मिळेना. त्या एप्रिलमध्ये नोटीस हातात घेऊन तो ओट्यावर बसून राहिला.

"माय, तुन्हं बरोबर शे. पन मन्ही मजुरी कोठे वाढनी?"

बाईंनी नोटीस परत घेतली. पापड तेवढे ठेवले. "पुढला वरीसले देखू."

पुढचं वर्षही तसंच गेलं. गॅस महागला, घरपट्टी वाढली. बाईंनी संध्याकाळची चूल बंद केली. पायाला जखम झाली, ती मधुमेहामुळं भरेना. त्या हळद लावून लुगड्याखाली झाकायच्या. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "हुई जाई बरं."

झालं नाही. सुरतहून त्यांचा मुलगा आला. जखम बघून तो हादरलाच.

"माँ, खालच्या हमालावर दावा लाव. खोली रिकामी करून घे, नवा भाडेकरू दुप्पट देईल."

"त्यान्या पोरी कोठे जातीन?"

"आणि तू कुठं जाशील?"

बाईंनी लुगडं पुन्हा जखमेवर ओढलं. मुलानं त्यांची सही घेऊन घर विकलं आणि त्यांना सुरतला न्यायचं ठरवलं. नव्या मालकानं आम्हाला महिनाअखेर खोल्या सोडायला सांगितलं. घर विकलं म्हणून भाडेकरूला काढता येत नाही; कायदा हमालाच्याही बाजूनं होता, पण कोर्टाच्या तारखेला उभं राहायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. तो कुठून लढणार?

बाई निघाल्या त्या सकाळी त्यांना पाय टेकवेना. हमालानं, तशा पाठीनं, त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत बसवलं. दुखरा पाय अलगद सीटवर ठेवला.

"जीवले जपजो, माय."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. गाडी वळली.

तो तिथं थांबला नाही. आत जाऊन आपली भांडी पोत्यात भरू लागला.